तैनाती नव्हे, नेमणूक

रघूअण्णा गेल्याची बातमी कस्तुरीवैनीनं मला फोनवर तमिळमध्ये दिली. "अवर् पोयिट्टार," एवढंच म्हणाली… ते गेले. आमच्या तंजावरच्या मराठी घरांमध्ये स्वयंपाक, देव आणि भांडणं मराठीत चालतात आणि उंबऱ्याबाहेरचं सगळं तमिळमध्ये. ही बातमी मात्र तिला घरच्या भाषेत सांगता आली नाही. मी तेव्हा तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसले होते. मिळेल ती बस पकडली. कालव्याला पाणी सुटलेलं होतं, दोन्ही बाजूंना नुकती लावलेली भाताची रोपं वाऱ्यावर हलत होती, आणि माझ्या शेजारची बाई मांडीवर केळफुलांची पिशवी घेऊन झोपली होती. घरी पोचले तेव्हा कळलं की अण्णाही सकाळी बाजारातून केळफूलच घेऊन आला होता. पिशवी ओट्यावर ठेवली, छातीत दाबल्यासारखं होतंय म्हणाला आणि खुर्चीत बसला. इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. गल्लीतले लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, काही भोगलं नाही. मला त्यांच्याशी वाद घालायचा नव्हता, पण अण्णानं भोगलं नाही हे खरं नाही. त्यानं ते बरीच वर्षं भोगलं, आणि ज्यासाठी भोगलं ते शेवटपर्यंत झालं नाही. ते काय होतं हे कुणीतरी नीट सांगावं, म्हणून हे लिहिते आहे.

रघुनाथराव माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. माझ्याहून बराच मोठा, म्हणून अण्णा. आमची घरं राजवाड्याच्या मागच्या अंगाला, एकमेकांना लागून. चुलत्यांना तो बँकेत लागायला हवा होता, पण हा एके दिवशी भरतीला गेला आणि मराठी मुलांच्या पलटणीत दाखल होऊन आला. आपण मराठी, म्हणजे तिथं आपलीच माणसं भेटणार, असा त्याचा हिशेब. पहिल्याच दिवशी जेवणाच्या रांगेत तो म्हणाला, "अस्कं वाढा." सगळ्याला आम्ही 'अस्कं' म्हणतो. साताऱ्या-सांगलीकडच्या पोरांनी तो शब्द कधी ऐकलेला नव्हता. वाढणारा पळी तशीच धरून बघत राहिला आणि मग अख्खी रांग हसली. त्या दिवसापासून तो 'अस्के' झाला. पुढं सुभेदार झाला तेव्हा पाठीमागं 'अस्केसाहेब'. तो सुट्टीवर यायचा तेव्हा ही गोष्ट स्वतःच रंगवून सांगायचा आणि आमच्याआधी हसायचा. देवनागरी तो पलटणीतच शिकला. आमच्या गल्लीत मराठी बोलणारे पुष्कळ, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अण्णानं मला कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर अक्षरं गिरवायला लावली. त्या अक्षरांच्या जोरावर मी पुढं पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि आज हा लेख लिहू शकते.

संतोष त्याच्या आयुष्यात उशिरा आला, नोकरीची शेवटची वर्षं उरली असताना. सातारा जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावचा मुलगा. बाप लहानपणीच गेलेला, घरी एकटी आई. अण्णाच्या हाताखाली नाईक होता. त्याला अण्णाच्या मराठीचं फार वेड. "साहेब, आज नवीन शब्द कुठला?" असं रोज विचारायचा आणि मग तो शब्द दिवसभर सगळ्यांवर फेकत हिंडायचा. एकदा रजेत तो अण्णाबरोबर तंजावरला आला. चार दिवस राहिला. मोठ्या देवळात गेला, सरस्वती महाल ग्रंथालयात जुन्या मोडी कागदांसमोर उभा राहून म्हणाला, "आमच्या गावातनं कुणी आलेलं असणार बघा इकडं, तेच तुम्ही." आम्हाला कुणी आपल्यात धरलं की आम्ही विरघळतो. दोन्हीकडं परके असण्याची सवय असते ना. शेवटच्या दिवशी वैनीनं केळीच्या पानावर जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्यानं पान पलीकडच्या बाजूला दुमडलं. आमच्याकडं तसं फक्त मर्तिकाच्या जेवणात दुमडतात. वैनीनं पटकन पुढं होऊन ते स्वतःच्या हातानं उलगडून अलीकडं दुमडलं. तो बिचारा ओशाळला. वैनी आजही त्यावरून स्वतःला खात असते. त्या पानाचा आणि पुढच्या गोष्टींचा काही संबंध नाही हे तिला समजतं, तरीसुद्धा.

त्यानंतर काही महिन्यांत दोघांचा हुकूम आला. आफ्रिकेतल्या एका देशात तिथल्या सैन्यातल्या नव्या पोरांना शिकवायला आपली छोटी तुकडी जायची होती. देशाचं नाव मी लिहीत नाही, वैनीची तशी इच्छा आहे. हुकुमातला शब्द होता 'नेमणूक'. तेव्हा त्या शब्दाकडं कुणाचं लक्ष जावं असं काही नव्हतं. साध्या कपड्यांत, साध्या प्रवासी विमानानं, पेट्या घेऊन गेले. वैनीनं सांबारपूड आणि वाळवलेल्या नार्त्तंगायचं, म्हणजे महाळुंगासारख्या फळाचं, लोणचं बांधून दिलं. आमच्या या कावेरीच्या मुलुखात घरटी एक माणूस आखातात नाहीतर सिंगापूरला असतो, त्यामुळं परदेशी जाणं म्हणजे कमवायला जाणं. समोरचे काका तमिळमध्ये म्हणाले, "या वयात फॉरिनचा योग आला, नशीबवान आहेस." अण्णा हसला.

पहिले काही महिने बरे गेले. राजधानीबाहेर एक आवार होतं, त्यात बरॅकी, शिकवायचं मैदान आणि यांना राहायला बंगला. अण्णा फोनवर सांगायचा की तिथली पोरं चपळ आहेत, कवायतीला कंटाळतात पण व्हॉलीबॉलला कधी नाही म्हणत नाहीत. संतोषनं त्यांनाही 'अस्कं' शिकवलं होतं. मग तिथल्या सैन्यातच दोन तट पडले. एके दिवशी ज्या पोरांना हे शिकवत होते तीच आवाराच्या दोन टोकांना तोंडं करून उभी राहिली. आपल्या तुकडीजवळ शस्त्रं नव्हती. शिक्षक म्हणून गेले होते, शस्त्रं कशाला असणार? कोठाराखालच्या तळघरात सगळे जाऊन बसले. दिवसाही तिथंच, रात्रीही तिथंच. पाणी संपत आलं तेव्हा संतोष वरच्या टाकीतून आणतो म्हणून डबे घेऊन गेला. अण्णानं त्याला आवाज शांत होईपर्यंत थांबवलं होतं. आवाज शांत झालाही होता… उखळी तोफेचा गोळा टाकीजवळ पडला. अण्णा धावत वर गेला तेव्हा दुसरा पडला, त्यात त्याचा डावा कान कायमचा गेला. संतोषला त्यानं तळघरात ओढून आणलं. तो बराच वेळ जिवंत होता. काय बोलला ते अण्णानं एकदाच सांगितलं, तेही माझ्या खूप आग्रहावरून. त्यानं विचारलं होतं, "साहेब, डबे सांडले का?"

अण्णा परत आला आणि थोड्याच दिवसांत निवृत्त झाला. समोरच्या काकांनी सवयीनं विचारलं, काय काय आणलंस तिकडून? अण्णा तसाच घरात गेला. त्यांना वाटलं, ऐकू आलं नसेल. काही महिन्यांनी तो संतोषच्या गावी जायला निघाला. मी तेव्हा पुण्यात होते, म्हणून मीही बरोबर गेले. संतोषची आई हौसाबाई, लहान चणीची, उन्हानं काळवंडलेली. तिनं आम्हाला चहा दिला, अण्णाच्या हाताला धरून बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "साहेब, एक इचारू? लोकं म्हणत्यात, तुझा ल्योक मास्तरकी कराय गेलता, लढाईवर न्हवं. खरं काय त्ये तुमी सांगा." अण्णा म्हणाला, "आई, तो आमच्यासाठी पाणी आणायला गेला होता. भोवती लढाई चालली होती." तिनं मान हलवली. मग ती आम्हाला शाळेपाशी घेऊन गेली. फाटकाजवळ काळ्या दगडाचा एक खांब आहे. गावचे जे जवान लढाईत पडले त्यांची नावं त्यावर कोरलेली आहेत. रोज तिथून पोरं शाळेत जातात, बाया पाण्याला जातात. सगळ्यात वरची नावं गोऱ्या साहेबाच्या राज्यातली, समुद्रापलीकडं जाऊन मेलेल्यांची. अण्णानं ती एकेक करून मोठ्यानं वाचली. खाली जागा मोकळी होती.

सरपंच भला माणूस होता. म्हणाला, "आमची कुणाची ना नाही. पण आजवरचं प्रत्येक नाव सैन्याच्या कागदावरून कोरलंय. संतोषच्या कागदावर आलंय, परदेशी नेमणुकीवर असताना अपघाती मृत्यू. लढाईत तैनात होता असं त्यांनी लिहून दिलं तर उद्या कोरतो." परतीच्या एसटीत अण्णा म्हणाला, "एक शब्द तर बदलायचा आहे. होऊन जाईल." त्याला खरंच तसं वाटत होतं. आईला पेन्शन मिळत होतं, त्याची कसली तक्रार नव्हती. एक शब्द, आणि दगडावर एक नाव.

त्या एका शब्दासाठी तो किती ठिकाणी गेला ते मी इथं मांडत बसत नाही. एकदा मात्र मीही बरोबर होते, कारण त्याच्या डाव्या कानाला काही ऐकू येत नसे आणि महत्त्वाचं बोलणं निसटेल अशी त्याला भीती. सैन्याच्या कचेरीतले मेजर तरुण होते. उठून उभे राहिले, अण्णाला आधी खुर्ची दिली. सगळं वाचलेलं होतं त्यांनी. बोलणं हिंदीत झालं, मी आठवेल तसं मराठीत देते. ते म्हणाले, "सुभेदारसाहेब, नेमणूक म्हणजे ठरलेल्या मुदतीचं काम. तैनाती म्हणजे समोर धोका आहे हे सरकारनं आधी मान्य करून पाठवणं. तुम्हाला पाठवलं तेव्हा तिथं शांतता होती. आणि जे भांडले ते दोघंही आपले शत्रू नव्हते."

"खरं आहे," अण्णा म्हणाला. "आम्हाला शस्त्रंही दिली नव्हती. म्हणून आम्ही लढलो नाही. पण सकाळी मैदानावर उभा असलेला माणूस संध्याकाळी तळघरात झोपायला लागला, तरी तो नेमणुकीवरच असतो का?"

मेजरांनी फाईलमधलं एक पान उलटलं. मग म्हणाले, "मी तुमचं म्हणणं मान्य केलं तर उद्या शांत राजधानीत वकिलातीत बसलेला माणूस येईल, मलाही मोजा म्हणेल. बाहेरची प्रत्येक नेमणूक तैनाती धरली तर त्या शब्दाला काय उरलं? जे खरोखर सीमेवर गेले त्यांचं काय? रेघ कुठंतरी ओढावी लागते."

"ओढा ना," अण्णा म्हणाला. "जिथं माणसं तळघरात झोपतात, तिथं ओढा."

बाहेरच्या बाजूला कुठंतरी शिट्टी वाजत होती, कवायत चालली असावी. मेजरांनी पुढ्यातली फाईल मिटली. "हे मी वर लिहीन," ते म्हणाले, "मनापासून लिहीन. पण तुम्हाला खोटी आशा लावत नाही. नियम कधी बदललाच, तरी तो पुढं जाणाऱ्यांसाठी बदलेल. मागच्यांना लागू होणार नाही." निरोप देताना त्यांनी अण्णाला सॅल्यूट केला. वास्तविक त्यांचा हुद्दा मोठा. अण्णानं तो परत केला आणि आम्ही बाहेर आलो. गाडीत बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला बसले होते, म्हणजे बोललेलं ऐकू यावं. मग तो मला, पण स्वतःशीच बोलल्यासारखा, म्हणाला, "राजी, म्हणजे संतोष आता कायमचा आधी मेला."

मी पुष्कळदा विचार करते की त्या खोलीत चूक कोणाची होती. मेजरांचं बोलणं मला खोडता आलं नसतं. सगळ्याच नेमणुका तैनाती म्हणून मोजाव्यात का, या प्रश्नाला माझ्याजवळ आजही सरळ उत्तर नाही. खलनायक असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर रागावून अण्णाला थोडी झोप तरी लागली असती. पण सरपंच भला होता, मेजर भले होते, नियम करणाऱ्यांनीही कुणाचं वाईट व्हावं म्हणून नियम केला नसणार. सगळी भली माणसं मिळून त्या मुलाला बाहेर ठेवत होती, आणि यात धरून हलवावं असं काही हाताला लागत नव्हतं.

अण्णानं तरी सोडलं नाही. वर्षातून एकदा जायचा, भेट मिळो न मिळो. दर खेपेला नवीन साहेब असायचा, त्याला पहिल्यापासून सांगावं लागायचं, टाकी, डबे, तळघर. मला वाटतं, त्या सांगण्यानंच तो खचला. आधी आधी सांगताना आवाज कापायचा. पुढं पुढं नुसता पाठ म्हटल्यासारखा सांगायला लागला, आणि तेच त्याला सहन होईना. एकदा घरी येऊन म्हणाला, "आज मी संतोषचं सांगत होतो आणि मला जांभई आली गं." त्या दिवशी तो जेवला नाही. वैनी शाळेत शिक्षिका, निवृत्तीनंतर दोघांनी कुठं कुठं जायचं असं तिनं मनात धरलेलं होतं. काशी राहिली, लेकीकडं बंगळुरूला राहायला जायचं राहिलं. एका दिवाळीला तो पुन्हा कपडे भरायला लागला तेव्हा ती एवढंच बोलली, "अस्क्यांची नोकरी संपते. तुमची नेमणूक काही संपत नाही." त्यानं पिशवी खाली ठेवली. दोन दिवसांनी ती पुन्हा उचलली आणि गेला. वैनीनं शिदोरी बांधून दिली.

मेजरांनी लिहिलेल्या शिफारशीचं उत्तर शेवटी आलं. विनंती मान्य करता येत नाही. सभ्य भाषेत, दोन ओळींत. ते आलं त्याला आता वर्ष होत आलं. त्यानंतर अण्णा कुठं गेला नाही. जाण्याच्या आदल्या शुक्रवारी मात्र मला म्हणाला होता की पुन्हा एकदा जाऊन पाहावं म्हणतो. कुणाकडं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

तेराव्याचं सगळं उरकल्यावरचा पहिला रविवार होता. मी वैनीकडंच राहिले होते. सकाळी बाहेरच्या ओट्यावर अण्णाचा फोन वाजला. वैनीनं तो माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली. हौसाबाई होत्या. दर रविवारी सकाळी अण्णा त्यांना फोन करायचा, हे मला माहीत होतं, काय बोलायचा ते माहीत नव्हतं. दोन रविवार फोन आला नाही म्हणून त्यांनी शेजारच्या पोरीकडून लावून घेतला होता. मी सांगितलं, अण्णा गेला. पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "दर ऐतवारी सांगायचं, आई, अजून न्हाई. कंदी खोटं बोललं न्हाईत. मी म्हनायची, ऱ्हाऊ द्या आता. तर म्हनायचं, पुढच्या ऐतवारी सांगतो." मी म्हटलं, आता मी करत जाईन फोन. "नगं बाई," त्या म्हणाल्या. "तुमी काय सांगनार? कोन जानार हाय आता तितं?" त्यांनी वैनीची चौकशी केली, जपून राहा म्हणाल्या. फोन बंद झाला.

यालाही आता काही आठवडे झाले. मी अधूनमधून ओरत्तनाडूहून वैनीकडं मुक्कामाला जाते. आमच्या घरांना रस्त्याच्या बाजूनं ओटा असतो, त्याला आम्ही तिण्णै म्हणतो. रविवारी सकाळी वैनी अंगणात सडा घालते, कोलमची रांगोळी काढते, हात पुसते आणि आतून अण्णाचा फोन आणून तिण्णैच्या कोपऱ्यात खांबाला टेकवून ठेवते. मग आत जाऊन कामाला लागते. पेपरवाला जातो, दूधवाल्याची मोपेड जाते, ऊन खांबापर्यंत येतं. फोन वाजत नाही. परवा मी न राहवून विचारलं, वैनी, हा इथं कशाला? तिनं पदराला हात पुसत एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"घरात रेंज येत नाही," ती म्हणाली. "इथंच येते."